पोलीस खात्यातला ड्रोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं झाली, मी जिल्हा पोलीस दलात ड्रोनचं काम बघतो आणि नव्या मुलामुलींना शिकवतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर, बंदोबस्तातल्या चहाच्या टपरीवर लोक तेच ते विचारतात. भरतीची तयारी करणारी पोरं वेगळं विचारतात, गावचे पोलीस पाटील वेगळं आणि आमचेच तपासी अंमलदार तिसरंच. सगळं एका ठिकाणी लिहून काढलं. एकाच गोष्टीची उजळणी टाळायला कंसात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, पोलीस भरतीत ड्रोन पायलटची वेगळी जागा निघते का?

नाही. आपल्या राज्यात भरती निघते ती शिपाई, चालक, बॅण्ड्समन, राज्य राखीव दल, कारागृह शिपाई अशी. ड्रोनची वाट खात्यात शिरल्यावर सुरू होते. "हा कोर्स करा, पोलिसांत ड्रोन पायलट व्हा" अशी जाहिरात दिसली की फी भरण्याआधी भरतीची मूळ जाहिरात वाचा. सर्टिफिकेट हातात असलं तर पुढे उपयोग होतो, पण मैदानी आणि लेखी परीक्षा त्याने टळत नाहीत.

आमच्याकडे माणसं येतात ती बिनतारी संदेश विभागातून, सायबरमधून, मुख्यालयातून. निवडताना मी मोबाइल गेममध्ये तरबेज कोण हे बघत नाही. ज्याची डायरी नोंद स्वच्छ असते आणि ज्याला वरिष्ठांसमोर "आत्ता नको सर" म्हणता येतं, तो मला चालतो. उडवायला कुणीही शिकतं.

२. शिक्षण, वय किती लागतं? लायसन कोण देतं?

दहावी पास आणि वय १८ ते ६५. ड्रोन नियम २०२१ (२५ ऑगस्ट २०२१ पासून लागू) प्रमाणे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्यता दिलेल्या संस्थेतच प्रशिक्षण आणि चाचणी द्यावी लागते. लोक अजून "लायसन" म्हणतात, पण फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने तो शब्द गेला. आता मिळतं ते रिमोट पायलट सर्टिफिकेट, मुदत दहा वर्षं.

सर्टिफिकेटवर कुठल्या वर्गाचं ड्रोन ते लिहिलेलं असतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम, त्यापुढे लार्ज. पोलिसांचं बहुतेक काम मायक्रो आणि स्मॉलमध्ये होतं.

३. प्रशिक्षण आठवड्याभराचं असतं म्हणे. एवढ्यात येतं का?

सर्टिफिकेट येतं. काम येत नाही.

संस्थेत नियम, हवामान, सिम्युलेटर आणि मोकळ्या मैदानावर उड्डाण शिकवतात. आमच्याकडे आल्यावर मी पहिल्याच दिवशी ड्रोनचं तोंड शिकणाऱ्याकडे करतो. ड्रोन तुमच्यापासून दूर जात असतो तेव्हा तुमचा डावा तो त्याचाही डावा. तोंड तुमच्याकडे वळलं की सगळं उलटं. डावीकडे न्यायला उजवीकडे दांडी सरकवायची, हे डोक्याला कळतं, अंगठ्याला कळायला पंधरा दिवस जातात. त्यानंतर उपग्रहाचा आधार, म्हणजे जीपीएस, बंद करून उडवायला लावतो. जीपीएस असला की हात सोडले तरी ड्रोन जागेवर थांबतो. नसला की वारा नेईल तिकडे घसरतो, पाटाच्या पाण्यातल्या चपलेसारखा. उंच इमारतींच्या गल्लीत असं खरंच होतं.

मग बॅटरीचा हिशेब. खोक्यावर ३० मिनिटं लिहिलेलं असलं तरी मी २० धरायला सांगतो. जाताना वारा पाठीशी असतो तेव्हा सगळे खूश असतात, येताना तोच वारा तोंडावर घेऊन यायचं असतं. ३० टक्क्यांवर माघारी, मग समोर काहीही चाललेलं असो. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवायच्या नाहीत, निम्म्याच्या थोड्या वर ठेवायच्या. नाहीतर त्या पुरीसारख्या फुगतात, आणि फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, भले स्टॉक रजिस्टरला ती चालू दिसत असो.

याशिवाय घारी. घरटं जवळ असलं तर घार थेट अंगावर येते. अशा वेळी खाली सूर मारू नका, वर जा, कारण तिचा हल्ला वरून खाली असतो. संक्रांतीच्या आठवड्यात वस्तीवर सराव बंद. मांजा पडद्यावर दिसत नाही.

४. पोलिसांना कुठे परवानगी लागते? आपण तर सरकारच.

हा गैरसमज आमच्याच लोकांत जास्त आहे. ड्रोन नियम लागू नाहीत ते देशाच्या लष्कर, नौदल आणि हवाई दलाला. त्या ओळीत पोलीस नाहीत. आपल्या ड्रोनची नोंदणी लागते, ओळख क्रमांक लागतो, उडवणाऱ्याकडे सर्टिफिकेट लागतं.

ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, परवानगी नको. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट होते. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारल्याशिवाय पंखा फिरवायचा नाही. लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी. पुण्यासारख्या शहरात विमानतळच हवाई दलाच्या तळावर आहे, त्यामुळे तिथे "दोनच मिनिटं वर घेतो" असं काही नसतं.

मे २०२० मध्ये कोरोनाच्या कामासाठी सरकारी यंत्रणांना 'गरुड' नावाच्या पोर्टलवरून सशर्त सूट मिळत होती. ती त्या वेळेपुरती होती. तिच्या आठवणीवर आज उडवू नका.

५. रिमोट हवालदाराच्या हातात आणि मागे साहेब उभे. ऐकायचं कुणाचं?

हा प्रश्न मला दर तुकडीत, दार लावून, हळू आवाजात विचारतात.

कुठे बघायचं ते साहेबांनी सांगायचं. उडवायचं की नाही, आणि कधी उतरवायचं, ते पायलटने ठरवायचं, मग तो शिपाई का असेना. आमच्याकडे हे घटक प्रमुखांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांच्या, सहीने लेखी आहे आणि ते पान मी ड्रोनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. साहेब "अजून थोडं पुढे घे" म्हणाले की पायलट पोरगी पेटी उघडते. बोलावं लागत नाही.

पायलटसोबत एक निरीक्षक (पोलीस इन्स्पेक्टर नव्हे, नुसता बघणारा) कायम लागतो, ज्याची नजर आकाशातल्या ड्रोनवर. पडद्यात डोकं घातलेल्याला पाठीमागची विजेची तार दिसत नाही. मनुष्यबळ कमी आहे म्हणून हा दुसरा माणूस काढून घेतात, तेव्हा मी उड्डाणच रद्द करतो. दोन-तीनदा त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत.

६. यात्रेत, वारीत, विसर्जनाला ड्रोन गर्दी मोजतो का?

ड्रोन फोटो देतो, मोजतो माणूस. सॉफ्टवेअरने मोजलं तरी त्या आकड्याला ताडून बघणारं कुणी लागतं.

आमची पद्धत साधी. आदल्या दिवशी रस्ता टेपने मोजून ठेवायचा. समजा १२ मीटर रुंद आणि ६० मीटर लांबीचा तुकडा, म्हणजे ७२० चौरस मीटर. फोटोत एका चौरस मीटरमध्ये सरासरी चार माणसं दिसली तर तिथे २,८८० लोक. दोन माणसं असली तर लोक आपल्या चालीने चालतात. चारला खांदे लागतात. पाचच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला चालवते. चेंगराचेंगरीची भीती तिथून पुढे. नियंत्रण कक्षाला मी एकूण आकडा सांगतच नाही, "अमुक चौकात चारच्या वर गेलं, मागचा प्रवाह थांबवा" एवढंच कळवतो. लाख आले की दोन लाख, ते पेपरवाल्यांना हवं असतं.

एक गोष्ट चित्रातच शिकता येते. पंढरपूरजवळ वाखरीला पालख्या एकत्र येतात तेव्हा वरून बघा. दिंडीतले वारकरी रांगेत, मध्ये मोकळी जागा ठेवून चालतात, चोपदाराच्या काठीवर थांबतात. दाटी होते ती कडेला बघायला उभ्या राहिलेल्यांची. बंदोबस्ताची माणसं कुठे लावायची हे त्यावरून कळतं.

आणि डोक्यावर उडवायचं नाही. किलोभर वजन साठ मीटरवरून पडलं तर हवेचा अडथळा धरूनसुद्धा एखाद्याचा जीव जाईल. नदीपात्राच्या रिकाम्या कडेवर किंवा बंद शाळेच्या छपरावर उभा करून तिरका कॅमेरा लावायचा. चित्र थोडं कमी छान येतं.

७. थर्मल कॅमेऱ्याने रात्री हरवलेला माणूस सापडतोच ना?

थर्मल उष्णता बघतो, आणि तीही पृष्ठभागाची. भिंतीच्या, काचेच्या, छपराच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळी माणसासारखाच पांढरा दिसतो, म्हणून शोधायला सगळ्यात चांगली वेळ पहाटेची, जमीन निवल्यावर.

एकदा रात्री दोनला फोन आला. विसराळूपणाचा आजार असलेले आजोबा संध्याकाळी घरातून निघून गेलेले, चारी बाजूंना ऊस. ऊस कमरेएवढा असता तर माणूस दिसला असता. तो बारा फुटी होता, पानांनी मिटलेला. पडद्यावर नुसती करडी गोधडी. पोरगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, ऊस सोड, जे उघडं आहे ते संपव. तोडणी झालेली रानं, ओढ्याचा काठ, गावठाणामागचा माळ असं एकेक बघून तो नकाशावर काट मारत गेला. मध्ये एक पांढरा ठिपका हलला, ते रवंथ करणारं वासरू निघालं. चार बॅटऱ्यांत निम्मा परिसर बाद झाला आणि पायी पथकं उरलेल्या बाजूला वळवता आली. आजोबा सापडले ते एका हवालदाराला, पाटाच्या मोरीत, थंडीने आखडलेले पण शुद्धीवर. वर काँक्रीट होतं. ड्रोन त्या मोरीवरून दोनदा गेला होता.

त्या रात्रीच्या नोंदीत आम्ही "ड्रोनमुळे सापडले" असं लिहिलं नाही. "ड्रोनने अमुक गट क्रमांक तपासून बाद केले" असं लिहिलं.

८. ड्रोनचं चित्रीकरण कोर्टात टिकतं का?

टिकतं, कागद नीट असले तर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या कायद्यातलं ६५ ब आता कलम ६३ झालं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर त्यासोबत प्रमाणपत्र हवं. त्याचे दोन भाग असतात, पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅश त्यात लिहायचा. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा. एक फ्रेम जरी बदलली तरी तो बदलतो. म्हणून कार्ड काढल्यावर जागेवरच, पंचांसमोर हॅश काढायचा. ऑफिसात येऊन "जरा क्लिप छोटी करून" मग काढला तर त्याला अर्थ नाही.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्यातून गेलेला आहे. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. वाद होता २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रीकरण. मूळ उपकरण कोर्टापुढे आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं, तोंडी साक्षीने ते भरून निघत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. जुन्या कलमावरचा निकाल आहे, पण धडा तोच.

वेळेवरून आठवलं. आमच्या सुरुवातीच्या एका प्रकरणात पंचनाम्यात दुपारचे साडेतीन, आणि व्हिडिओसोबतच्या फाइलमध्ये सकाळचे दहा. उलटतपासणीत वकिलांनी एवढंच विचारलं, "साहेब, यातलं खरं कुठलं?" ड्रोनचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. दोन्ही खरं होतं, पण पिंजऱ्यात उभं राहून ते समजावताना मला घाम फुटला. तेव्हापासून उड्डाणाआधी पायलट आपल्या मोबाइलवरचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर पाच सेकंद धरतो आणि डायरीत फरक लिहितो.

९. माझ्या गच्चीवर पोलिसांचा ड्रोन आला तर? खासगीपणाचं काय?

विचारायचा अधिकार तुम्हाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि तो पोलिसांच्या कॅमेऱ्यापुढे संपत नाही. लॉकडाऊनमध्ये गच्च्यांवरचे पत्ते नि कॅरम शोधायला ड्रोन फिरवले गेले, त्या क्लिपा गमतीने पसरल्या. मला त्या तेव्हाही आवडल्या नव्हत्या. आमच्या तुकडीत उड्डाणाचं कारण डायरीत लिहिल्याशिवाय ड्रोन वर जात नाही आणि गुन्ह्याशी संबंध नसलेलं चित्रीकरण कुणाच्या मोबाइलवर जात नाही. एका शिपायाने अशी क्लिप मित्रांना पाठवली होती. तो आता ड्रोनवर नाही.

खासगी माणसाचा ड्रोन खिडकीशी घुटमळत असेल तर ११२ ला फोन करा. बाईच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. दगड मारू नका. ड्रोन शेजाऱ्याच्या पोरावर पडला तर तुम्ही आरोपी.

१०. लग्नाच्या शूटिंगवाल्याला ड्रोनसाठी अडवता येतं का?

नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट नको, आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोलाही नको. पण लग्नाचे पैसे घेतले की ती हौस राहत नाही, धंदा होतो. मग मायक्रोसाठी सर्टिफिकेट लागतं. पट्ट्यांचे नियम (प्रश्न ४) सगळ्यांना, नवरदेवाच्या मामालाही. मुंबईत पोलीस आयुक्तालय वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर ठरावीक मुदतीची बंदी काढतं. पूर्वी ती कलम १४४ खाली असायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. ती मोडली तर न्याय संहितेचं कलम २२३. बुकिंग घेण्याआधी त्या तारखेचा आदेश बघा.

११. रात्री गावावर ड्रोन फिरतात, चोर रेकी करतात. खरं का?

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडे ही धास्ती गावोगाव होती, लोक काठ्या घेऊन रात्रभर जागायचे. काही ठिकाणी खरंच कुणी ड्रोन उडवत असेल, पण मला दाखवलेल्या व्हिडिओंतले बहुतेक दिवे विमानाचे होते.

ओळखायचं असं. दिवा एका रेषेत, एका वेगाने, दहा मिनिटं क्षितिजापर्यंत गेला तर विमान. ड्रोन जागेवर थांबतो, वळतो, आणि १०० मीटरवर असला तर शांत रात्री माशीसारखी गुणगुण ऐकू येते. लहान ड्रोन एका बॅटरीवर सहसा अर्ध्या-पाऊण तासाच्या वर हवेत राहत नाही, तेव्हा "रात्रभर फिरत होता" हे एका ड्रोनचं काम नव्हे. वेळ, दिशा आणि कुठे खाली गेला ते टिपून पोलिसांना कळवा. उडवणारा सहसा जवळच असतो. अनोळखी वाटसरूला चोर समजून मारहाण झाली की त्याचा गुन्हा ड्रोनपेक्षा फार मोठा दाखल होतो.

१२. संशयित ड्रोन पाडायचा की नाही?

गोळीबार नाही, गोळी पुढे कुठेतरी खाली येतेच. जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारं यंत्र, बाजारातून आणून लावता येत नाही, राज्य पोलिसांनाही त्यासाठी केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयाची मंजुरी लागते. शिवाय सिग्नल तुटलेला ड्रोन कुठे जाईल ते त्याच्या सेटिंगवर असतं. तो निघाल्या जागी परत जातो, जागेवरच उतरतो, किंवा भरकटतो. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, त्यामुळे पडलेल्या ड्रोनजवळ आधी बॉम्बशोधक पथक, मग आपण.

सापडलेला ड्रोन "चालू होतो का बघू" म्हणून चालू करू नका. आतली नोंद त्यानेच बिघडते. केरळ पोलिसांनी २०२१ मध्ये तिरुवनंतपुरमला ड्रोनच्या न्यायवैद्यक तपासणीची प्रयोगशाळा सुरू केली ती यासाठीच. तो कुठून उडाला हे बऱ्याचदा त्याच्या पोटात लिहिलेलं असतं.

१३. तुमच्या हातून कधी पडला का?

पडला. जीपच्या टपावरून उडवला म्हणून. लोखंडाने होकायंत्र भरमटलं, ड्रोन वर गेला आणि वाढत्या गोल फेऱ्या मारत गुलमोहरात. खाली कुणी नव्हतं हे नशीब. आता उड्डाणाचा पाट लाकडी आहे आणि गाडीपासून वीस पावलं मोजूनच ठेवतो.

अपघात झाला की ४८ तासांत डीजीसीएला कळवावं लागतं. नॅनो सोडून बाकीच्यांना तृतीय पक्ष विमा लागतो. खातं वसुली लावेल या भीतीने पोरं किरकोळ आदळआपट लपवतात, मग तडा गेलेला पंखा पुढच्या बंदोबस्तात उडतो. म्हणून स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर मी खुलासा मागत नाही.

१४. परदेशी ड्रोन स्वस्त मिळतो, तो घेतला तर?

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी परवानगीने सूट मिळते, सुटे भाग आणता येतात. ओळखीच्या दुकानातून बिनबिलाचा घेतला तर त्याने केलेलं चित्रीकरण कोर्टात नेताना (प्रश्न ८) पहिला प्रश्न ड्रोनवरच येईल.

१५. अमेरिकेत म्हणे पोलिसांच्या आधी ड्रोन पोचतो. आपल्याकडे कधी?

कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा पोलिसांनी २०१८ मध्ये हे सुरू केलं. मदतीचा फोन आला की छतावरून ड्रोन निघतो आणि गाडी पोचायच्या आत चित्र दाखवतो. त्यात ड्रोन पायलटच्या नजरेआड जातो, ही मुख्य अडचण. आपल्याकडे त्याला सरसकट मुभा नाही. शिवाय तिथे आलेलं चित्रीकरण नागरिकांना मागता येईल का, यावर कोर्टबाजीही झाली. आपण नक्कल करताना छतावरच्या ड्रोनची करू, पण माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर कोण देणार ते आधी ठरवून ठेवलेलं बरं.

१६. यात बढती मिळते का? बदली झाली तर?

ड्रोनची वेगळी बढतीची शिडी नाही. सेवाज्येष्ठता आणि खात्याच्या परीक्षा, बाकीच्यांसारख्याच. बदली होतेच. सहा महिने घासून तयार केलेली माझी सगळ्यात चांगली पायलट आज एका पोलीस ठाण्यात समन्स वाटते. वाईट वाटतं, पण तिने जाताना दोन जणांना शिकवलं होतं. तेव्हापासून नियमच केला, सर्टिफिकेट मिळाल्यावर वर्षाच्या आत प्रत्येकाने एक माणूस तयार करायचा.

१७. आणि निवृत्तीनंतर?

५८ ला निवृत्त झालात तरी ६५ पर्यंत दार उघडं आहे. शेती फवारणी, भूमापन, मान्यताप्राप्त संस्थेत शिकवणं, ही कामं निघतात. सर्टिफिकेटची दहा वर्षं कधी संपतात ते बघून ठेवा, आणि उड्डाण डायरीची सही-शिक्क्याची प्रत आधीच मागून घ्या. पेन्शनची कागदपत्रं सुरू झाली की मुख्यालयात ती शोधायला कुणाला वेळ नसतो.